चौथा प्रश्न

आमच्या अध्यापक विद्यालयात संगणक बारा, चालू सात.
एकाच्या पोटात पाल राहते,
ती पटावर नाही.

अठ्ठावीस वर्षं मी खडू धरायला शिकवलं.
किती तिरपा धरला की करकरत नाही,
वर्गाला पाठ न दाखवता फळ्यावर कसं लिहायचं.
आता नवा पेपर आलाय,
आणि डी.एड.च्या चाळीस मुली
माझ्याकडे अशा बघतात
जणू इंटरनेट मीच विणलंय.

मी सांगते ते एवढंच :
वर्गात उघडायचं ते आधी घरी उघडा.
आणि पहिल्याच स्थळाला होकार देऊ नका.
(मुली हसतात. तिघींची लग्नं ठरलीत.)
चार स्थळं बघा, चौकशी करा.
मग फळ्यावर, तिरप्या खडूने, तीन प्रश्न :
कोणी लिहिलंय?
कधी लिहिलंय?
कशासाठी लिहिलंय?

राजमणी बोद्धुलने ते वहीत चौकटीत घेतले.
तिची आई विड्या वळते.
राजमणी मराठीत शिकवते, हिशोब अडला
की ओठातल्या ओठात तेलुगूत मोजते.

तिचा सराव पाठ साखर पेठेतल्या शाळेत.
पाचवी, परिसर अभ्यास, आपली वस्त्रे.
पडदा नव्हता, भिंतीवरच चित्र पाडलं,
मधोमध कॅलेंडरचा खिळा.
बाहेर माग चालू : खटाक खटाक,
त्यावरून आवाज चढवत ती म्हणाली,
ही बघा सोलापुरी चादर.
मोर. लाल काठ. खाली किंमत.

कोणी लिहिलंय? दुकानदारानं, वर्ग म्हणाला.
कधी? गेल्या वर्षी.
कशासाठी? खपायला!
मी निरीक्षण वहीत बरोबरची खूण केली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून वेणुगोपाल,
सदऱ्याला एक बटण कमी :
“बाई, ही आपली नाही.”
अरे, खाली लिहिलंय ना, सोलापुरी.
“लिहिलंय. पण मान बघा की मोराची.
किती गुळगुळीत. ही छापलीय.
मागावरच्या मोराच्या मानेला पायऱ्या असतात.
लिहिणाऱ्यानं हात लावून बघितलंय का?”

हे दहा सेकंद मला पाठ आहेत.
या दहा सेकंदांत माझ्या कितीतरी विद्यार्थिनी
“खाली बस” म्हणाल्या
आणि टाचणावर परत गेल्या.
मीही म्हणाले आहे, खोटं कशाला.

राजमणीने खडू पुढे केला.
“काढून दाखव.”
त्याने चौकोन आखले, एकावर एक, एक घर सरकून,
थुंकी लावून एक पुसला, पुन्हा काढला,
आणि फळ्यावर मान वळली.

मग कुणीतरी ओरडलं, भिंतीवरचा मोठा करा.
तिने केला. अजून मोठा. अजून.
खिळ्याभोवती नुसती मान उरली,
आणि त्या गुळगुळीत मानेलाही
पायऱ्या फुटल्या, चौकोन, चौकोन.
वर्ग गार.
वेणुगोपाल डोकं खाजवत म्हणाला,
“हापण विणलेलाच की.”

राजमणी थांबली. ओठ हलले, काहीतरी मोजलं तिने.
“चित्र विणलेलं आहे,” ती म्हणाली,
“चादर नाही.”

घंटा झाली. मूल्यमापन राहिलं, स्वाध्याय राहिला.
माझ्या वहीत रकाना होता :
टाचणानुसार अध्यापन. होय की नाही?
मी ‘नाही’ लिहिलं
आणि गुण दिले वीसपैकी अठरा.
प्राचार्यांनी विचारलं, हे कसं?
म्हटलं, दोन खिळ्याचे कापले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्न चार.
चौथा वाचून पहिल्या बाकावरची महानंदा म्हणाली,
बाई, इंटरनेटला हात कसा लावायचा?

मला येत नव्हतं.
“येत नाही,” म्हटलं. खडू करकरला.
मग सातही संगणक चालू केले,
आणि एका यंत्रावर पाच-सहा जणी
बाकं ओढून बसल्या,
आपापल्या गल्लीत कोण कशाला हात लावतं
त्याची यादी करत.